होनोलुलूला सुतारकामासाठी जायचंय? वाचकांचे प्रश्न

हवाईतल्या ओआहू बेटावरचं होनोलुलू हे अमेरिकेतल्या सर्वांत महागड्या शहरांपैकी एक. तिथल्या युनियनच्या सुतारकामाबद्दल पुण्यातून आलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देतो आहे.

धायरीहून एक वाचक : मी बारा वर्षं मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोबची कामं करतो. पत्नी अमेरिकन नागरिक आहे. ग्रीन कार्डाचा व्हिसा मिळाला आहे आणि आम्ही होनोलुलूत राहणार आहोत. युनियन मला थेट पूर्ण मजुरीवर घेईल का?

घेईलच असं धरून चालू नका. तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही, पण तिथला युनियनचा सुतार करतो ते काम तुमच्यापेक्षा बरंच वेगळं आहे. आपल्याकडे शटरिंगवाला निराळा, फॉल्स सीलिंगवाला निराळा आणि फर्निचरचा मिस्त्री निराळा. होनोलुलूत उंच इमारतींच्या काँक्रीटचं शटरिंग, पत्र्याच्या स्टडची (उभ्या पट्ट्यांची) चौकट, तिच्यावरचे ड्रायवॉलचे, म्हणजे जिप्समचे बोर्ड, दारं-खिडक्या बसवणं, हे सगळं सुतारकामातच येतं. किचनची कपाटं बहुतेक वेळा कारखान्यातून तयार येतात. साइटवर ती लेव्हलमध्ये बसवायची, एवढंच. दिवसभर सनमायका आणि चॅनेल-बिजागरीत रमणाऱ्या माणसाला हा बदल जड जातो. तो आधी मनाने स्वीकारा.

तिथे युनायटेड ब्रदरहुड ऑफ कार्पेंटर्स या 1881 साली स्थापन झालेल्या जुन्या युनियनचं लोकल 745, म्हणजे स्थानिक शाखा, आहे. नवा माणूस साधारणपणे अप्रेंटिस म्हणून शिरतो. ही अप्रेंटिसशिप चार वर्षांची असते. जर्नीमनच्या, म्हणजे पूर्ण कारागिराच्या दराच्या काही टक्क्यांवर मजुरी सुरू होते आणि कामाचे तास भरतील तशी टप्प्याटप्प्याने वाढते. जोडीला वर्ग असतात. आधीच्या अनुभवाबद्दल वरची पायरी मागता येते, पण त्याला कागद लागतो आणि इथेच आपले कारागीर अडकतात. पुण्यात सगळं काम शब्दावर चालतं. निघण्यापूर्वी ज्यांची कामं केलीत त्या आर्किटेक्ट आणि कंत्राटदारांकडून इंग्रजीत पत्रं घ्या : कोणतं काम, किती काळ, हाताखाली किती माणसं, कोणती मशीन. साइटचे फोटो तारखेसकट ठेवा. आयटीआयचं प्रमाणपत्र असेल तर तेही न्या.

मापाचं मात्र तुम्हाला सोपं जाईल. फूट-इंच-सूत तुमच्या जिभेवर आहे, आणि तिथेही फूट-इंचच चालतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तिथे सोळाव्या भागापर्यंत बोलतात, म्हणजे अर्ध्या सुतापर्यंत. टू-बाय-फोर म्हणून जे लाकूड हातात येतं ते प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतं, हे पहिल्याच दिवशी डोक्यात बसवा. हवाईत फॉर्मोसन जातीच्या वाळवीचा उपद्रव फार आहे. त्यामुळे घरांच्या सांगाड्याचं लाकूड औषध दिलेलं असतं आणि साइटवर कापलेल्या टोकांना पुन्हा औषध लावावं लागतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सागवान निवडून आणणाऱ्याला त्या लाकडाचा रंग आणि वास परका वाटेल.

कोथरूडहून एक वाचक : यजमानांनी तासाचा दर आठवड्याच्या चाळीस तासांनी आणि वर्षाच्या बावन्न आठवड्यांनी गुणून ठेवला आहे. आकडा डोळे दिपवणारा आहे. मुलीची शाळा इथून काढून तिथे जाण्याइतका तो खरा आहे का?

नाही, ताई. बावन्नने गुणणं हीच गफलत आहे. बांधकामातलं काम इमारतीबरोबर संपतं. मग युनियन हॉलच्या, म्हणजे युनियनच्या स्थानिक कचेरीच्या, यादीत नाव घालायचं आणि पुढच्या बोलावण्याची वाट पाहायची. मधल्या काळात बेकारी भत्ता मिळाला तरी तो पगाराचा काही भागच असतो. भाडं मात्र दर महिन्याला पूर्ण जातं. माझं स्पष्ट मत : अप्रेंटिसच्या सुरुवातीच्या दराने वर्षाचे नऊ महिने धरा आणि त्या आकड्यात घर चालतं का ते बघा.

ओआहूवर स्वतंत्र घराची मधली किंमत दहा लाख डॉलरच्या आसपास आहे. भाडीही त्याच तोलाची. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, एवढा कायद्याचा आधार आहे. वीज अमेरिकेत सर्वांत महाग तिथेच. मुख्य भूमीवरून बहुतेक माल जहाजानेच येतो, आणि 1920 च्या जोन्स कायद्यानुसार अमेरिकी बंदरांमधली वाहतूक फक्त अमेरिकेत बांधलेल्या, अमेरिकी झेंड्याच्या जहाजांनाच करता येते. किराण्याच्या बिलात तो भार दिसतो. त्यावर साडेचार टक्के राज्य-स्थानिक कर, तोही धान्य-भाजीसकट.

पुण्यात राहून डेक्कन क्वीनने मुंबईत नोकरी करणारी माणसं तुम्ही पाहिली आहेत. तिथे असा उतारा नाही. बेटाच्या पश्चिमेला घरं थोडी स्वस्त मिळतात, पण सकाळच्या गर्दीत ती बचत पेट्रोल आणि वेळ खाऊन टाकतात. त्यापलीकडे समुद्र, आणि कॅलिफोर्निया विमानाने पाच तासांवर.

एक गोष्ट मात्र खरंच चांगली आहे. 1974 पासून हवाईत आठवड्याला वीस किंवा जास्त तास काम करणाऱ्या बहुतेक कर्मचाऱ्यांना मालकाने आरोग्यविमा द्यावाच लागतो. युनियनच्या कामात विमा सहसा भरलेल्या तासांशी जोडलेला असतो, म्हणून तो नेमका कोणत्या तारखेपासून सुरू होतो आणि काम थांबल्यावर किती दिवस टिकतो, हे लेखी विचारा. मुलीला घेऊन जाणार असाल तर पहिलं वर्ष त्यांना एकट्याला जाऊ द्या, असं मी सुचवेन. मन दुखेल, पण मुलीचं वर्ष अधांतरी राहणार नाही.

हडपसरहून एक वाचक : एक एजंट सहा लाखांत ‘युनियन कार्ड व्हिसा’ काढून देतो म्हणतो. भरू का?

एक रुपयाही भरू नका. असा व्हिसा अस्तित्वात नाही. युनियन व्हिसा देत नाही. आधी अमेरिकेत काम करण्याचा हक्क, मग युनियन. सुतारासाठी मालकाने ग्रीन कार्डाचा अर्ज केला तरी भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटाला भारत सरकारची नोंदणी लागते आणि उमेदवाराकडून तीस हजार रुपये अधिक जीएसटी याहून जास्त फी घेता येत नाही. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव शोधा. पैसे दिले असतील तर पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवून पोलिसांत जा. लाज बाळगू नका. गप्प राहिलात तर तो उद्या शेजारच्या पोराला गाठेल.

औंधहून एक वाचक : माझा भाचा न्यू जर्सीत याच युनियनचा सदस्य आहे. त्याला होनोलुलूला बदली मिळेल का?

सदस्यत्व हलवता येतं, काम आपोआप मिळत नाही. मजुरीचा करार, पेन्शन आणि विमा त्या त्या भागाचे वेगळे असतात. त्याने विमानाचं तिकीट काढण्याआधी दोन्ही हॉलना फोन करावा आणि यादीत सध्या किती जण बसून आहेत, पेन्शनचे तास जोडले जातात का, हे विचारावं.

वारज्याहून एक वाचक : हत्यारं इथून न्यावीत का?

हाताला बसलेल्या पटाश्या आणि रंधा न्या, पण चेक-इन सामानात. इथली 230 व्होल्टची वायरवाली मशीन नेऊ नका. तिथे 120 व्होल्ट आहेत. मेट्रिक टेप घरीच ठेवा. बॅटरीची ड्रिल नेणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवायच्या, आणि त्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावायची.