सिलेंडरचं प्रेशर बघायला गेज कुठलं घ्यावं? तुमचे प्रश्न

मालवणहून एकांनी विचारलंय: यंदा डायव्हिंगचं काम सुरू करतोय, वीसेक सिलेंडर आहेत. प्रत्येकाला रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून पाण्यात श्वास घेतात ते, लावून प्रेशर बघण्यातच सकाळ जाते. वेगळं गेज घेऊ का?

घ्याच. पण दुकानात जायच्या आधी आपल्या सिलेंडरचे व्हॉल्व्ह बघा. आपल्या किनाऱ्यावर मी हाताळलेले बहुतेक योकवाले, म्हणजे काही जण ए-क्लॅम्प म्हणतात ते, त्यात गेजची चौकट व्हॉल्व्हवर सरकवायची, मागचा स्क्रू हाताने आवळायचा की झालं. दुसरा प्रकार डिन, त्यात गेजचे आटे व्हॉल्व्हच्या आत जातात, आणि त्यात परत 200 आणि 300 बारचे (बार म्हणजे प्रेशरचं माप) असे दोन प्रकार, 300चं गेज 200च्या व्हॉल्व्हवर चालतं पण उलटं नाही चालत, आटे कमी पडतात, मुद्दामच तसं ठेवलंय.

दुसरं म्हणजे ब्लीड स्क्रू, गेजमधली हवा सोडायचा छोटा स्क्रू. तो नसलेलं गेज फुकट मिळालं तरी घेऊ नका, कारण व्हॉल्व्ह बंद केला तरी गेजमध्ये अडकलेली हवा दोनशे बारनेच बसलेली असते आणि मग योकचा स्क्रू हाताने हलतच नाही, लोक पक्कड घेऊन मागे लागतात. बघताना व्हॉल्व्ह हळू उघडा, आणि काच कुणाच्या तोंडाकडे नको, स्वतःच्याही नको.

आणि हो, भरलेल्या सिलेंडरच्या तोंडाला टेप लावायची पद्धत चांगली आहे पण टेप म्हणजे गेज नव्हे. एकदा आमच्या बोटीवर टेपवाला सिलेंडर 40 बारचा निघाला, तोही टुरिस्टच्या पाठीवर चढवल्यावर. टेप बघून तो बोटीत चढवणारा मीच होतो.

पुण्याहून: माझा स्वतःचा रेग्युलेटर आहे, वर्षातून दोनदा तारकर्ली नाहीतर नेत्राणीला जातो. मला लागेल का?

नाही. तुमच्या रेग्युलेटरच्या होजला गेज आहेच की, आणि पाण्यात तेच कामाला येतं, हे हातातलं गेज फक्त जमिनीवरचं आणि बोटीवरचं. ते पैसे रेग्युलेटरच्या सर्व्हिसिंगला ठेवा.

काल दुपारी कंप्रेसरवर 200 बार भरला, आज सकाळी गेज 188 दाखवतंय. गेज खराब की सिलेंडर लीक?

बहुतेक दोन्ही नाही. भरताना सिलेंडर तापतो, हात लावून बघा, चांगलाच गरम लागतो. 200च्या आसपास एका डिग्रीमागे साधारण 0.6 ते 0.7 बार धरा, म्हणजे 45 डिग्रीचा सिलेंडर 27वर आला की अकरा-बारा बार असेच जातात. थंड झाल्यावर एकदा बघा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत बघा, तेव्हाही उतरला असेल तर मात्र व्हॉल्व्ह बादलीत बुडवा, बुडबुडे कुठून येतात ते दिसेलच. गेजचीच शंका असेल तर तोच सिलेंडर दुसऱ्या गेजवर लावा, चार-पाच बारचा फरक चालतो, वीसचा नाही.

टायरवाल्या मित्राकडचं गेज चालेल का?

अहो, कारच्या टायरमध्ये 30-35 पीएसआय असते, सिलेंडरमध्ये 3000च्या आसपास. अजिबात नको.

डिजिटल घेऊ की काट्याचं?

डिजिटलवर आकडा पटकन वाचता येतो, उन्हात डोळे बारीक करावे लागत नाहीत. पण खाऱ्या हवेत बॅटरीचं झाकण आधी जातं, आणि ते नेमकं बोटीवर कळतं. रोजच्या कामाला मी काट्याचंच घेतो, डायल 300 किंवा 400 बारपर्यंतची. फक्त रोज सकाळी कशालाही न लावता काटा बघायचा. माझ्या जुन्या गेजचा काटा हवा नसतानाही 30वर उभा राहायला लागला होता, आतली नळी एकदा वाकली की ती सरळ होत नाही. ते गेज आता वर्कशॉपात भिंतीवर लटकतंय, नवीन पोरांना दाखवायला.

नायट्रॉक्सवाल्यांनी, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा भरणाऱ्यांनी, पण विचारलंय, ऑक्सिजन गेजवर कळेल का: नाही, गेज फक्त प्रेशर सांगतं, ऑक्सिजन किती टक्के ते नाही, त्याला ॲनालायझर वेगळा लागतो.