तीन महिन्यांची तपासणी ठीक असताना रोज साखर का पाहावी?

प्रश्न : मी ५४ वर्षांचा असून परभणी जिल्ह्यात कोरडवाहू शेती करतो. सहा वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी यंदा ठीक आली, तरी डॉक्टरांनी घरी ग्लुकोमीटरवर रोज साखर पाहायला सांगितले आहे. मला कसलाही त्रास नाही; दुपारी रानात कधी कधी घाम सुटून हातपाय कापतात, तेवढेच. रोज बोट टोचून घेण्याची गरज आहे का?

उत्तर : आपण ‘तेवढेच’ म्हणून जे लिहिले आहे, त्याचीच मला सर्वांत जास्त काळजी वाटते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन सोडायला लावतात. त्यात खुरपणी-कोळपणीचे कष्ट झाले आणि भाकरीला उशीर झाला, तर साखर फार खाली उतरू शकते. घाम मराठवाड्याच्या उन्हामुळेही येतो, म्हणून खरे कारण त्या क्षणी मोजल्याशिवाय कळणार नाही. आकडा ७० पेक्षा कमी दिसल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि मग जेवावे. यंत्र जवळ नसेल तर आधी साखर घ्यावी.

तीन महिन्यांच्या सरासरीत असे चढउतार झाकले जातात. सकाळी २२० आणि दुपारी ६० असे होत असले, तरी सरासरी ठीक दिसू शकते. बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत साखर असणे योग्य मानतात. आपली मर्यादा मात्र डॉक्टरांनीच ठरवावी. एकादशीच्या साबुदाण्याने किंवा हुरड्याने साखर किती चढली, हे त्याच दिवशी कळले तर पुढच्या वेळी किती खावे, हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज उरत नाही.

हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, कारण बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी आकडा वाढतो. बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचल्यास कमी दुखते. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नये. पट्ट्यांचा खर्च जड जातो, हे मी जाणतो. रोज एकदाच तपासणे परवडत असेल, तर कोणत्या दिवशी कोणती वेळ धरावी, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. आकड्यासोबत जेवण, गोळी आणि कामही वहीत लिहावे, पण आकडा पाहून स्वतःच गोळी कमी-जास्त करू नये. आणि रानातल्या त्या कापरेपणाविषयी पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना याच आठवड्यात सांगावे.