तूर गावची, डाळही गावातच व्हावी

प्रश्न : आमच्या बचत गटाने मिनी डाळ मिल घेतली. तूर आडतीवर घालायची आणि डाळ दुकानातून आणायची, हे थांबवायचं आहे. पण क्विंटलमागे डाळ ६० किलोच पडते, बाकी कणी-चुनी. चूक कुठे होते?
– गटाच्या अध्यक्षा, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : ताई, दोष बहुतेक मिलचा नसतो, आधीच्या तयारीचा असतो. तुरीचं साल डाळीला डिंकासारख्या थराने चिकटलेलं असतं. तो थर सुटायच्या आत रोलर घासला की सालाबरोबर डाळही झिजते.

तूर चाळून बारीक आणि मोठा दाणा वेगळा करा. एकत्र घातली तर मोठा फुटतो, बारीक तसाच निसटतो. रोलरमधून एकदा हलकीच काढा, सालाला फक्त ओरखडे पडावेत. क्विंटलला पाव ते अर्धा किलो खाद्यतेल चोळून रात्रभर झाका, मग २-३ दिवस कडक ऊन द्या. त्यानंतर ३-४ लिटर पाणी शिंपडून गोणपाटाखाली रात्रभर ढीग, आणि पुन्हा ऊन. घाई नडते ती इथेच. दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे. दबला तर अजून एक दिवस वाळवा. भरडल्यावर साल राहिलेले दाणे चाळून पुन्हा तेल-पाण्यातून काढा. रोलर आवळून एका फेरीत सगळं उरकू नका. एवढं सांभाळलं तर ७० किलोपर्यंत जाता येतं.

हे काम फेब्रुवारी ते मेमध्येच संपवा. तुरीला भुंगेरा शेतातूनच लागून येतो. डाळ केली की त्याचा त्रास पुष्कळ कमी होतो.

प्रश्न : शेतकरी आणि गिऱ्हाईक, दोघांना परवडेल असा भाव कसा काढावा?

उत्तर : तुरीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये धरू. मजुरी, तेल, वीज, पिशव्या यांचे ७०० मिळवा, चुनी-टरफलाचे ३०० वजा करा. राहिले ८,४००. डाळ ७० किलो पडली तर किलोला १२० रुपये खर्च, ६० पडली तर १४०. हे २० रुपये उतारा घटल्याचे आहेत. ते शेतकऱ्याच्या भावातून कापणं अन्याय होईल. वाळवण घालणाऱ्या बायकांची रोजंदारीही त्या ७०० मध्ये पुरती धरा, ती हमखास विसरली जाते. तूर २० किलो आणली तरी घ्या, शेतकऱ्यासमोर काटा करा, पैसे त्याच दिवशी द्या.