‘बट’ म्हणजे नेहमीच ‘पण’ नव्हे

प्रश्न : ‘एव्हरीवन बट सुरेश केम’ या वाक्याचा अर्थ मुलं ‘सगळे आले पण सुरेश आला’ असा लिहितात. त्यांना कसं समजवावं? (एक शिक्षिका, खानापूर)

उत्तर : ‘बट’ला पहिल्याच दिवशी ‘पण’ हा एकच अर्थ चिकटवला जातो, तिथून हा घोळ सुरू होतो. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘बूटन’ होता आणि त्याचा अर्थ ‘बाहेर’. स्कॉटलंडमध्ये दोन खोल्यांच्या घरात बाहेरच्या खोलीला ‘बट’ आणि आतल्या खोलीला ‘बेन’ म्हणत. ‘बाहेर’वरून ‘वगळून’ हा अर्थ आला, ‘पण’ त्यानंतरचा.

तुमच्या मुलांच्या कानावर कन्नड रोज पडतं, त्याचा इथे मोठा उपयोग आहे. फळ्यावर ‘सुरेशनन्नु बिट्टु एल्लरू बंदरु’, ‘सुरेशला सोडून सगळे आले’ आणि इंग्रजी वाक्य एकाखाली एक लिहा. ‘बिट्टु’, ‘सोडून’ आणि ‘बट’ यांच्याखाली एकाच रंगाच्या खडूने रेघ ओढा. मग ‘बट’च्या जागी ‘एक्सेप्ट’ घालून वाक्य वाचायला सांगा. अर्थ टिकला, तर तो ‘सोडून’वाला ‘बट’. ‘पुअर बट ऑनेस्ट’मध्ये ‘एक्सेप्ट’ बसत नाही. तिथे ‘पण’, कन्नडमध्ये ‘आदरे’.

‘सोडून’ पक्कं झालं की पुढचे प्रयोग सोपे जातात. ‘नथिंग बट भाकरी’ म्हणजे भाकरी सोडून काही नाही, नुसती भाकरी. ‘लास्ट बट वन स्टॉप’ म्हणजे एक सोडून शेवटचा, अर्थात शेवटून दुसरा थांबा. ‘बट फॉर द रेन’ म्हणजे पाऊस नसता तर. दोन ठिकाणी मात्र जपा : ‘ऑल बट एम्प्टी’ टाकी म्हणजे जवळजवळ रिकामी, तर ‘एनीथिंग बट एम्प्टी’ म्हणजे रिकामी मुळीच नाही. परीक्षेत हे दोन हमखास उलटसुलट होतात. ‘ही इज बट अ चाइल्ड’मध्ये ‘बट’ म्हणजे ‘केवळ’. बोलण्यात तो आता फारसा येत नाही.

प्रश्न : ‘ऑल्दो इट रेन्ड, बट वी वेंट टु निपाणी’ यात चूक काय? (एक विद्यार्थी, चिकोडी)

उत्तर : आपल्या ‘जरी’ला ‘तरी’ लागतो, म्हणून हात आपोआप ‘बट’ लिहितो. इंग्रजीत दोन वाक्यं जोडायला एकच सांधा पुरतो. ‘ऑल्दो’ ठेवा नाहीतर ‘बट’ ठेवा. ‘तरी’चा जोर हवाच असेल, तर ‘ऑल्दो इट रेन्ड, वी स्टिल वेंट टु निपाणी’ असं लिहा.

मराठी ‘पण’चीही दोन कामं ओळखा. ‘तो आला पण जेवला नाही’ इथे ‘बट’. ‘तो जेवला पण नाही’ इथे ‘ईव्हन’ : ‘ही डिड नॉट ईव्हन ईट’. ‘मी पण येतो’ इथे ‘टू’ : ‘आय ॲम कमिंग टू’. भाषांतरापूर्वी ‘पण’च्या जागी ‘परंतु’ घालून बघा. बसला, तरच ‘बट’ वापरा.

प्रश्न : स्वल्पविराम ‘बट’च्या आधी की नंतर? वाक्य ‘बट’ने सुरू करता येतं का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : दोन्ही बाजूंना स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असेल, तर स्वल्पविराम आधी : ‘द बस केम, बट देअर वॉज नो सीट’. ‘स्मॉल बट स्ट्राँग’ला तो नको. ‘बट’नंतर सवयीने टाकू नका. ‘बट’ने वाक्य सुरू करणं व्याकरणाला धरूनच आहे.