शेजारी देशांतले साधे वादही का सुटत नाहीत?

तुमचा प्रश्न असा की भारत-पाकिस्तान इतकी वर्षं बोलतायत, मग लहानसहान वाद तरी का मिटत नाहीत? काश्मीरवर लिहिणारे पुष्कळ भेटतील. मी डहाणूकडचा. आमच्या भागातली पोरं पोरबंदर-ओख्याच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, म्हणून मी सर क्रीकचं सांगतो.

कच्छ आणि सिंधमधली ही जेमतेम ९६ किलोमीटरची खाडी, सगळी दलदल. १९१४ च्या मुंबई सरकारच्या ठरावाचा दाखला दोघेही देतात. पाकिस्तान म्हणतं, नकाशातली हिरवी रेघ पूर्व काठावर आहे, म्हणजे खाडी आमची. भारत म्हणतो, हद्द मधल्या प्रवाहातून जाते. १९६८ च्या लवादाने कच्छच्या रणाचा निकाल दिला, खाडी मात्र त्यात आली नाही. २००७ मध्ये तर दोघांनी मिळून मोजणीसुद्धा केली! तरी घोडं अडलेलंच.

खाडीतली रेघ सरकली की पुढे समुद्रातली हद्दही सरकते, हे एक कारण. पण माझ्या मते खरी गोम निराळी आहे. वाद मिटवला तर सरकारवर ‘जमीन देऊन टाकली’ असा शिक्का बसतो. तसाच ठेवला तर किंमत खलाशी मोजतो, आणि खलाशाला मोजतो कोण? पाण्यावर रेघ नसते, मासळी तिकडेच जास्त, जाळं प्रवाहाबरोबर वाहतं. मग बोट जप्त, माणसं कराचीच्या मलीर तुरुंगात. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाच्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातला एक खलाशी गेलाच.

संशय उगाच आहे असंही नाही. १९९३ चं आरडीएक्स आमच्याच कोकणात, शेखाडीला उतरलं. २००८ चे हल्लेखोर पोरबंदरची ‘कुबेर’ बळकावून आले. त्यामुळे किनाऱ्यावर कुणाला ‘विश्वास ठेवा’ म्हणायला जाऊ नये. लाहोरची बस फेब्रुवारी १९९९ ची आणि कारगिल त्याच मे महिन्यातलं.

मग टिकतं काय? ज्याचे फोटो निघत नाहीत ते. २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या व मच्छीमारांच्या याद्या देतात. मे २०२५ चा संघर्ष होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तरी १ जुलैला याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. शिक्षा संपून नागरिकत्वाची खात्री पटली की महिन्याभरात सोडायचं, हेही त्याच करारात आहे. ते मात्र पाळलं जात नाही, आणि बाईमाणसं गावातून कागद गोळा करत फिरतात.

सुटलेला खलाशी घरी येतो तोही समुद्रातून नाही. कराचीहून लाहोर, मग वाघा, मग पंजाबातून रेल्वेने गुजरात. बोट तिकडेच राहते, बहुतेक वेळा कायमची.