बरगडीला चिकटलेले कातडे

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझा इंग्रजी निबंध वाचला. त्यात आजोबांसाठी तू ‘हाइडबाउंड’ हे विशेषण योजले आहेस आणि कारण दिले आहेस की, ते आयुष्यभर तालुक्याबाहेर फारसे गेले नाहीत. हा शब्द त्यांना लागू पडत नाही. का पडत नाही, हे समजून घ्यायला शब्दकोशापेक्षा तुमच्या घरचा गुरांचा कोठा अधिक उपयोगी पडेल.

‘हाइड’ म्हणजे जनावराचे कातडे आणि ‘बाउंड’ म्हणजे जखडलेले. 16 व्या शतकात इंग्लंडमध्ये हा शब्द गुराढोरांसाठीच वापरात होता. वैशाखात कुटार संपत आले आणि ढेप परवडेनाशी झाली की बैलाच्या बरगडीवरचे कातडे चिमटीत धरून पाहावे. पोसलेल्या जनावराचे कातडे सहज उचलले जाते आणि सोडताच जागेवर सरकते. उपाशी किंवा जंतांनी पोखरलेल्या जनावराचे मात्र हाडाला असे चिकटलेले असते की ते चिमटीत येतच नाही. ही अवस्था म्हणजे हाइडबाउंड. साल आवळून वाढ खुंटलेल्या झाडालाही इंग्रजांनी हेच विशेषण लावले, आणि माणसाच्या मनालाही. छपाईआधी सरकारी परवाना घेण्याच्या सक्तीविरुद्ध 1644 मध्ये लिहिताना कवी जॉन मिल्टन याने ग्रंथ तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या आखडलेल्या वृत्तीला हाच शब्द वापरला होता.

म्हणून या शब्दाचे भाषांतर नुसते ‘संकुचित’ असे केले, तर अर्धा अर्थ हातातून निसटतो. जुन्या रीतीला मन इतके चिकटले आहे की त्याला हलायला जागाच उरलेली नाही, असे म्हणायचे असेल तेव्हाच तो वापरावा. आपल्याकडचा ‘गतानुगतिक’ हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो. ज्याची नजर आपल्या गावशिवेपलीकडे जात नाही, त्याला इंग्रजीत ‘पॅरोकियल’ म्हणतात, कारण तो शब्द मुळात एका चर्चच्या हद्दीतील वस्तीशी जोडलेला आहे. द्वेषाने आंधळा झालेला माणूस ‘बिगॉटेड’ ठरतो. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून 1927 मध्ये जो सत्याग्रह झाला, त्यासारख्या प्रसंगी केवळ ‘प्रथा मोडता येत नाही’ म्हणून अडून बसणाऱ्याची भूमिका हाइडबाउंड म्हणता येईल. समोरच्याला माणूसच न मानणाऱ्यासाठी हा शब्द फार सौम्य आहे, आणि तिथे तो वापरणे मला अन्यायाचे वाटते.

व्यक्तीपेक्षा कार्यालय, नियम, कामाची पद्धत यांच्यासाठी तो अधिक शोभतो. कशाने जखडले हे सांगायचे असल्यास पुढे ‘बाय’ येते, जसे ‘हाइडबाउंड बाय ट्रॅडिशन’. शब्दात नापसंती असल्यामुळे परंपरा प्रेमाने जपणाऱ्याचे वर्णन त्याने करू नये.

आता आजोबांकडे वळू. गावातले बहुतेक लोक ज्वारी सोडायला तयार नव्हते, तेव्हा निम्म्या वावरात सोयाबीन पेरून पाहणारा माणूस तालुक्याबाहेर गेला नसेल, पण तो हाइडबाउंड कसा? ते वाक्य पुन्हा लिहून पाठव, आणि लिहिण्याआधी त्या पहिल्या पेरणीविषयी त्यांच्याजवळ बसून विचारून घे.

तुझे,
सर