तुझा पगार तुझ्यासोबत आला

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. पुण्यात वाकडला 24,000 भाडं भरायचास, इथे जळगावला पिंप्राळ्यात 9,000 मध्ये दोन बेडरूमचं घर मिळालं, वर आईच्या हातची कळण्याची भाकरी. उत्तम झालं. पण त्याच दमात तू चुलतभावावर घसरलास. चाकणला एका खोलीचे 6,500 भरतो, दर महिन्याला रडतो, मग सरळ उठून इकडे का येत नाही, म्हणे. रागावणार नसशील तर त्यावर बोलतो.

तू घर बदललंस, नोकरी नाही. लॅपटॉप पिंप्राळ्यात उघडलास तरी पगार पुण्याचाच पडतो. त्याचा पगार मात्र चाकणच्या गेटवर बोट टेकवलं तरच सुरू होतो. इथल्या एमआयडीसीत पाइपच्या, चटईच्या कारखान्यात किंवा डाळ मिलमध्ये त्याला काम मिळेलही. पण चाकणला ओव्हरटाइम धरून जे हातात पडतं, तेवढं इथे नव्या माणसाला कोण देणार? भाडं 3,000 ने उतरलं आणि पगार 7,000 ने, तर काय साधलं?

आपल्या मुलखाकडेच बघ ना. स्वस्त घरासाठी माणसं हलत असती तर सुरत-भुसावळ लाइनच्या गाड्या उलट्या दिशेने भरल्या असत्या. धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, सगळीकडून माणूस पिढ्यान्‌पिढ्या सुरतेला जातो. सुरतेच्या लिंबायत-उधन्यात आपल्या अहिराणीवर दिवस निघतो. नवसारीचे खासदार सी. आर. पाटीलसुद्धा मूळचे आपल्या जळगाव जिल्ह्यातले. गेलेल्यांतल्या कितीतरी जणांची गावात घरं होती. मातीची का होईना, पण भाडं शून्य. ती सोडून ते एका खोलीचं भाडं भरायला गेले. धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत बारडोलीच्या बाजूला ऊस तोडायला जातात. स्वतःच्या घराला कुलूप लावायचं आणि फडाशेजारी कोपीत राहायचं, कारण मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते. गावात राहणं स्वस्त पडतं हे त्यांना कोणी शिकवायचं? माझा बाप म्हणायचा, 'काम जठे, आपन तठे.'

गाव सोड, साधी गल्ली बदलणंही गरिबाला महागात पडतं. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई गेल्या वर्षी शनिपेठेतली खोली सोडून शहराबाहेर कुसुंब्याला गेल्या. भाडं 4,000 वरून 2,500 वर आलं. पहिला महिना खुशीत गेला. मग रिक्षाचे रोज जाऊन-येऊन 40 रुपये, म्हणजे महिन्याचे हजाराच्या वर. सकाळी साडेसहाचं एक घर सुटलं, कारण तेवढ्या लवकर तिकडून शेअरिंगची रिक्षा भरत नाही. खोली पत्र्याची. मे महिन्यात जळगावचा पत्रा काय असतो ते तुला सांगायला नको! पोरं रात्रभर झोपेनात, म्हणून हप्त्यावर कूलर घेतला, मग लाइटबिल. दिवाळीच्या आत बाई परत शनिपेठेत. तोवर त्याच खोलीचे 4,500 झालेले.

चुलतभावाचं आणखी एक अडलेलं आहे, ते तू विचारलंच नसशील. त्याची मुलगी आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत लागली आहे. आठवीपर्यंत फी नाही. गाव बदललं की ती जागा सोबत येत नाही, आणि हे प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गाला होतात. तिसरीतल्या पोरीला इथे एकतर खासगी शाळेची फी, नाहीतर मराठी शाळा. मराठी शाळेत वाईट काही नाही, मी तिथेच शिकलो. पण वहिनी अर्ज भरण्यासाठी, लॉटरीत नाव यावं म्हणून किती धावली, ते तिला विचार.

याचा अर्थ जो तिथे अडकला त्याने तिथेच कुजावं असं नाही. इथे काम आधी पक्कं झालं, पगार बोलून घेतला, मग जून गाठून यावं, हे मलाही पटेल. तुझ्यापुरतं सांगायचं तर कंपनीने उद्या ऑफिसला बोलावलं तर पुन्हा डिपॉझिट, एजंटचं एक महिन्याचं भाडं आणि टेम्पो, एवढी रक्कम बाजूला ठेव. वाचलेले 15,000 लगेच गाडीच्या हप्त्यात घालू नकोस. इथला भाडेकरारही नोंदवून घे. ओळखीतलं घर म्हणून कच्च्या कागदावर भागवू नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे, पण मागे तुलाच लागावं लागेल.

आता चुलतभावाचं. त्याच्याशी बोललो. त्याला जळगावला यायचंच नाही. कंपनीजवळ एक खोली 5,000 ला आहे, शाळाही तीच राहते, रोजचं पेट्रोल वाचतं. अडलंय कुठे, तर नवा मालक 20,000 डिपॉझिट आधी मागतो आणि जुना मालक त्याचं डिपॉझिट खोली रिकामी झाल्यावर, रंगाचे पैसे कापून, महिन्याभराने देणार. मधल्या महिन्यापुरते 20,000 त्याच्याकडे नाहीत. भिशी त्याने आधीच उचलली आहे. तुझ्याकडे आहेत. उपदेश न करता दे, तारीख ठरवून घे, आणि काकूंना यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझा,
नाना